पियानोच्या मापाचा हार

संगीतकाराला त्याची आवडती रचना कधी विचारू नये. तो खोटं बोलतो. नाव झालेलं असेल तर म्हणतो, जी गाजली ती आता मला ऐकवत नाही. नाव झालेलं नसेल तर जी कुणीच ऐकली नाही तीच आपली सर्वांत चांगली, असं ठरवून टाकतो. मी दुसऱ्या गटातला आहे. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

माझा धंदा जाहिरातींचा. कोल्हापुरात बसून मी मसाल्यांना, दुधाला, सोन्याच्या दुकानांना आणि निवडणुकीतल्या उमेदवारांना चाली दिल्या आहेत. चालीच्या दृष्टीने मसाला आणि उमेदवार यांत फार फरक नसतो. दोघांनाही पहिल्या ओळीतच झोंबावं लागतं. शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघासाठी केलेलं गाणं संघ हरला तरी वाजतं, हा माझा सगळ्यात मोठा लौकिक. यातलं मला काहीही आवडत नाही. आवडते ती पियानोसाठी लिहिलेली एक छोटी रचना, आणि ती मी रागात लिहिली.

अशा रचनेमागे काहीतरी सुंदर असावं अशी लोकांची अपेक्षा असते. नदी, धुकं, गेलेली आई. मुलाखत घ्यायला आलेल्या एका मुलीने ‘ही रंकाळ्यावर सुचली का?’ असं फार आशेने विचारलं होतं. रंकाळ्यावर मला भेळ सुचते. या रचनेमागे एक बिल्डर आहे. त्यांना सगळं गाव साहेब म्हणतं, म्हणून मीही इथे साहेबच म्हणतो. आदराने नव्हे, ओळख राहावी म्हणून.

साहेबांच्या नव्या गृहसंकुलासाठी मी एक जाहिरात केली होती. ती ऐकवायला त्यांच्या ऑफिसात गेलो. आधी संकुलाचं नाव, मग क्षणभर काहीच नाही, मग घोषवाक्य, अशी रचना होती. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. त्या रिकाम्या क्षणाला डोळे उघडले.

“हितं काय झालं? बंद पडलं?”

“नाही साहेब. तिथे थोडी जागा सोडलीय. नाव कानात मुरावं म्हणून.”

“मुरायला लोणचं हाय का त्ये, मास्तर? एवढ्या जागंत मी टू बीएचके काढतो. भरा तिथं कायतरी. ढोल घाला.”

“ढोल पुढे आहे की.”

“मग हितं ताशा घाला. मोकळं सोडू नका. लोकास्नी वाटतं पैसं संपलं.”

मी ताशा घातला. आपल्याकडे ताट मोकळं चालत नाही, भिंत मोकळी चालत नाही, मिरवणुकीतली हवासुद्धा मोकळी चालत नाही. तिथे चालीतली जागा कोण सोडणार? साहेब एकटे दोषी नव्हते. पण राग एखाद्या गावावर धरता येत नाही, त्याला चेहरा लागतो. साहेबांचा चेहरा मोठा होता आणि त्यांच्या प्रत्येक होर्डिंगवर होता.

त्याच संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी येऊन मी कीबोर्ड उघडला आणि जिथे काहीही भरायचं नाही असं काहीतरी लिहायला बसलो. सूर कुठला घ्यायचा ते शोधावं लागलं नाही. तरुणपणी वर्षभर शाहूवाडीकडच्या एका शाळेत मी संगीत शिकवायचो. तिथे घंटेऐवजी आंब्याच्या फांदीला रेल्वे रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर लोखंडी दांडका मारला की तास संपायचा, पण आवाज संपायचा नाही. भाताच्या खाचरांवरून तो जात राहायचा. पोरं केव्हाच पळालेली असायची आणि मी एकटा वर्गात तो आवाज नेमका कुठे संपतो ते ऐकत बसायचो. आमच्या धंद्यात त्याला सुराची आस म्हणतात. सूर वाजवून झाल्यावर जे मागे उरतं ते. माझी रचना त्यावरच उभी आहे.

डाव्या हाताने अगदी खालचा एक सूर वाजवायचा, पेडल दाबून धरायचं आणि थांबायचं. सूर विरत आला की उजव्या हाताने वरचे दोन सूर अलगद त्यात सोडायचे. परत थांबायचं. असं थोडं पुढे जाऊन मध्यावर एक बरीच मोठी रिकामी जागा येते. तिथे सगळ्यांना वाटतं, झालं. झालेलं नसतं. शेवटी तोच खालचा सूर हळू येतो आणि त्यावर काहीही ठेवायचं नाही. पियानो नुकता शिकू लागलेल्यालाही ही रचना वाजवता येईल. कठीण भाग न वाजवण्याचा आहे.

पहिल्यांदा ती बायकोला ऐकवली. मधली जागा आली तेव्हा ती उठली.

“अजून आहे,” मी म्हणालो.

“मग आधी सांगत जा की. दूध गॅसवर ठेवून आलेय.”

दूध उतरवून ती परत आली, उरलेलं ऐकलं आणि म्हणाली, “चांगली आहे. चिडका माणूस गप्प बसलाय तशी.” या रचनेवर आजवर झालेली हीच एकमेव समीक्षा. त्यात मला काही वाढवता आलेलं नाही.

अडचण एकच होती. माझ्याकडे पियानो नव्हता. कीबोर्डवर पियानोचा आवाज असतो, पण त्यातला सूर मरत नाही, बंद होतो. तो कसा विरावा हे परदेशातल्या कुठल्यातरी माणसाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं आणि तो दर वेळी तसाच विरतो. एकदा पुण्यात रेकॉर्डिंगला गेलो असताना सगळे जेवायला गेलेले बघून मी स्टुडिओतल्या खऱ्या पियानोवर सुरुवात वाजवून पाहिली. मधल्या जागेपर्यंत पोचलो आणि कोणीतरी ताक हवंय का विचारायला दार उघडलं. म्हणजे जी रचना मी आपली म्हणून मिरवत होतो ती मी स्वतःही खऱ्या पियानोवर कधी पूर्ण ऐकलेली नव्हती. कीबोर्डवरची ध्वनिफीत भाचीने इंटरनेटवर टाकली. थोड्या लोकांनी ऐकली, त्यांतल्या काहींनी खाली फुलांची चित्रं टाकली.

ती ऐकणाऱ्यांत परदेशात राहणारी साहेबांची सून निघाली. माझी रचना तिच्यामार्फत साहेबांपर्यंत पोचली. आपल्याच विरोधात लिहिलेली गोष्ट त्यांना आवडली असं मी म्हणणार नाही. सुनेला आवडली हे त्यांना आवडलं. त्यांचा फोन आला.

“मास्तर, आमच्या वडलांच्या, आबांच्या नावानं हॉल बांधलाय, म्हाईत हाय न्हवं? त्यात पियानो घेतलाय. मोठा, निजलेला असतोय तसला. उद्घाटनाला तुमीच वाजवायचं. त्येच तुमचं, सूनबाईनं सांगितल्यालं.”

“आबांना पियानोची आवड होती?”

“आबास्नी कशाची आवड न्हवती वो. स्टेज मोकळं दिसत होतं.”

मी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं की मी जाणार नाही. ती भाजी निवडत होती.

“पियानो कसला आहे?”

“ग्रँड आहे.”

“मग जा. पियानोने काय केलंय तुझं?”

गेलो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच गेलो, हॉल रिकामा असताना. पियानो काळा, मोठा, नवा. झाकण उचलून टेकू दिला आणि तो खालचा सूर वाजवला. तो कसा होता हे लिहायचा प्रयत्न मी यापूर्वी केला आहे आणि फाडून टाकला आहे. एवढंच सांगतो की तो लवकर संपला नाही. तो संपत असताना त्यातून आणखी सूर निघत होते, जे मी लिहिलेले नव्हते आणि जे मला नेहमीच हवे होते. पुढे वाजवलं नाही. पहिल्यांदा पूर्ण वाजवायची ती माणसांसमोर, आपल्या गावात, असं ठरवलं आणि घरी आलो. जेवताना मी हसत होतो म्हणून बायकोने ताप तर नाही ना, असं विचारलं.

संध्याकाळी हॉल भरला होता. पियानोवर लाल मखमल टाकलेली होती आणि समोर समई, नारळ, आबांचा मोठा फोटो. सूत्रसंचालक हा आमच्याकडचा प्रसिद्ध निवेदक. त्याला शांततेचा त्रास आहे. एखादा पाहुणा खुर्चीतून उठून माईकपर्यंत येईतो जो वेळ जातो तेवढ्यातही तो दोन ओळींची कविता म्हणतो. त्याने मला ‘करवीरनगरीचे सूरसम्राट’ म्हटलं. नंतर एका कंत्राटदारालाही त्याने कसलातरी सम्राट केलं, त्यामुळे मला एकट्याला लाजावं लागलं नाही. माझ्या रचनेला नाव नाही. त्याने ते तिथल्या तिथे ठेवलं: ‘आबांस अर्पण’. मी मान हलवून नाही म्हणत होतो, ती मान लोकांना विनयाची वाटली असावी.

मग मखमल काढली.

आमच्याकडे हल्ली हार माणसाच्या मापाचे राहिलेले नाहीत. नेत्यांना क्रेनने उचलून घालायचे हार असतात. साहेबांनी पियानोच्या मापाचा हार बनवून घेतला होता, झेंडू आणि निशिगंधाचा, मनगटाएवढा जाड. तो आधी उचललेल्या झाकणावर लटकवून पाहिला असावा आणि तिथून घसरला असावा. म्हणून तो आत ठेवला होता. सरळ तारांवर. डावीकडच्या जाड तारांपासून उजवीकडच्या बारीक तारांपर्यंत, वळण देऊन, नीट. टवटवीत राहावा म्हणून वर पाणी शिंपडलेलं होतं.

साहेबांनी माईक घेतला. “आमी हार फोटोला घातल्याला न्हाय. वाद्याला घातलाय. आजपासनं ह्योच आमचा आबा.”

टाळ्या पडल्या. मी स्टेजवर गेलो, साहेबांच्या कानाशी लागलो.

“साहेब, हार काढावा लागेल. तारांवर आहे. वाजणार नाही.”

“मधी तर मोकळंच हाय की. हारासाठीच जागा असती न्हवं ती?”

“नाही हो. आवाज तिथूनच येतो.”

“मास्तर,” साहेब हसऱ्या चेहऱ्याने, फोटोग्राफरकडे बघत म्हणाले, “आबांचा हार आज उतरायचा न्हाय. वाजंल तेवढं वाजवा.”

आणि ते खाली पहिल्या रांगेत जाऊन बसले.

मी बसलो. खालचा सूर वाजवला. धान्याच्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला आणि तिथेच मेला. पेडल दाबून धरलं होतं, पण धरायला काही नव्हतं. सवयीने मी थांबलो. थांबल्याबरोबर निवेदक माईकमधून म्हणाला, “रसिकहो, असे हे हृदयाला भिडणारे सूर...”

इथे दोन वाटा होत्या. तशीच धबधब वाजवून टाकायची, शाल घ्यायची आणि घरी जायचं. कुणालाही फरक कळला नसता, हे मी कडवटपणाने नव्हे, खात्रीने सांगतो. साहेबांचं पुढचं कामही माझ्याकडेच आलं असतं. पण ज्या माणसामुळे ही रचना लिहिली त्याच्यासमोर, त्याच्याच सांगण्यावरून ती चोंदलेली वाजवायची, हे मला जमेना. तसं झालं असतं तर मला आवडणारी अशी एकही गोष्ट माझ्याकडे उरली नसती. माझ्याकडे तशी तेवढी एकच होती.

मी उठलो, पियानोत दोन्ही हात घातले आणि हार उचलला. ओला हार किती जड असतो हे नेत्यांना माहीत असेल. तो पुढे धरून मी उभा राहिलो आणि आता कुठे ठेवायचा ते कळेना. तो साहेबांच्या बोलण्याने नुकताच आबांचा झालेला होता. जमिनीवर, पायाशी, ठेवता येत नव्हता. स्टुलावर मला बसायचं होतं. निवेदकाकडे धरला तर तो हात मागे घेऊन दोन पावलं सरकला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प झाला. आपल्याकडे हार ठेवायला सभ्य अशी एकच जागा आहे. मी तो स्वतःच्या गळ्यात घातला.

मागच्या रांगांतून टाळ्या झाल्या. माझा सत्कार झाला असं त्यांना वाटलं. मग पुढच्या रांगा टाळ्या वाजवत नाहीत हे लक्षात आल्यावर त्या थांबल्या.

“मास्तर!” साहेब अर्धे उठले होते.

“एवढी वाजवतो,” मी म्हणालो आणि बसलो.

हार गुडघ्यांच्या खाली जात होता. सदरा छातीपाशी भिजत होता. डावीकडे वाकलो की निशिगंध नाकात जायचा. आयुष्यभर सत्कारमूर्तींची टिंगल केलेल्या माणसाच्या गळ्यात गावातला सगळ्यात मोठा हार होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने घातला होता. हे मला तेव्हा कळत होतं. पण मी तो खालचा सूर वाजवला होता आणि तो आला होता. सकाळचाच.

मग मी थांबलो. कोणी खोकलं नाही. कुणाचा मोबाइल वाजला नाही. मूल रडलं नाही, निवेदक बोलला नाही. उजव्या हाताचे दोन सूर त्यात सोडले. एका तारेत झेंडूची पाकळी राहिली होती, तिची थोडी कुरकुर आली. आली तर आली. हॉल पूर्ण गप्प होता. माझ्या संगीताने भारला होता असं मी म्हणणार नाही. सगळे साहेबांच्या मानेकडे बघत होते. साहेब आता काय करतात, उठून जातात की मला खाली खेचतात, याची वाट बघत होते, आणि वाट बघताना माणूस आवाज करत नाही. मधली मोठी जागा आली. एरवी इथे हमखास टाळी पडली असती. आज टाळी वाजवणं म्हणजे माझी बाजू घेणं होतं, आणि साहेबांच्या हॉलमध्ये ती घेणारा कोणी नव्हता. ती जागा पूर्ण, शेवटच्या टोकापर्यंत, मोकळी राहिली. इतकी शांतता मला प्रेमाने कधीच कुणी दिली नसती.

शेवटचा सूर वाजवला. त्यावर काही ठेवलं नाही. तो संपेपर्यंत बसून राहिलो, आणि तो कुठे संपला हे मला सांगता येणार नाही.

पेडल सोडलं तेव्हा त्या खटक्याचा आवाजही ऐकू आला.

“झालं?” साहेबांनी पहिल्या रांगेतून विचारलं.

“झालं.”

“मग हार द्या हिकडं.”

मी हार उतरवून स्टेजच्या कडेला गेलो आणि वाकून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, पिळवटलेला भाग सरळ केला, तुटलेली दोन फुलं खिशात टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही. शाल टेबलावर होती, ती टेबलावरच राहिली. पुढच्या वर्षी त्यांच्या जाहिराती इचलकरंजीच्या एका मुलाकडे गेल्या, आणि त्या हॉलच्या कुठल्या कार्यक्रमाचं आमंत्रण मला पुन्हा आलेलं नाही. पियानो तिथेच आहे. ओल्या हाराने तारा गंजल्या असतील. मला बघायला मिळालेल्या नाहीत.

बायको पाचव्या की सहाव्या रांगेत होती, ती दाराशी येऊन थांबली. आम्ही निघालो तेव्हा साहेब स्वतः स्टेजवर चढले होते आणि तो हार आबांच्या फोटोला घालत होते. फोटोच्या मानाने हार फारच मोठा होता. एक वेढा घातला तरी खाली लोळत होता, म्हणून त्यांनी दुसरा घातला, मग तिसरा. आबांची टोपी बुडाली, मग डोळे, मग मिशा. साहेब मागे सरकून बघत होते. फोटोत आता कोण आहे ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि तसं त्यांना सांगायला त्या अख्ख्या हॉलमध्ये कोणी उठलं नाही.